मारीचा झगा

फिनिश भाषेत ‘मेक्को’ म्हणजे साधा, घरगुती झगा. ‘मारी’ हे तिकडचे घरोघरी आढळणारे मुलीचे नाव. हे दोन शब्द जोडून १९५१ साली हेलसिंकीत एका कापड कंपनीचे बारसे झाले : मारिमेक्को, म्हणजे मारीचा झगा. आपल्याकडे एखाद्या गिरणीने ‘ठमीचा परकर’ असे नाव नोंदवले असते तर लोक हसले असते. फॅशनच्या दुनियेत तेव्हा पॅरिसचे राज्य होते आणि कपड्याला तो शिवणाऱ्या मोठ्या माणसाचे नाव लागत असे. तो वापरणाऱ्या मुलीचे नाव देणे हीच मुळात उलटी गोष्ट होती.

‘स्कॅण्डिनेव्हियन शैली’ हा शब्द आता आपल्या शहरांतल्या फर्निचरच्या दुकानांतही ऐकू येतो. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, खिडकीत एखादी कुंडी, आणि किंमत विचारली की मुकाट्याने बाहेर पडावे. श्रीमंतांनी साधेपणाची हौस करावी, असा काहीसा तिचा अर्थ होऊन बसला आहे. भाचीने हेलसिंकीहून आणलेल्या एका कापडी पिशवीवरचे मोठे लाल फूल पाहून मी या विषयाच्या नादी लागलो. पण जसजसे वाचत गेलो तसतसे निराळेच चित्र दिसू लागले. निदान फिनलंडपुरते बोलायचे तर, त्या साधेपणाच्या मुळाशी एक हरलेले युद्ध आहे, सरकलेली सीमा आहे आणि घर सोडून आलेली चार लाखांहून अधिक माणसे आहेत. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा इतिहास परका वाटू नये.

काटेकोर बोलायचे तर फिनलंड हा स्कॅण्डिनेव्हियात मोडतच नाही. तिथली भाषा स्वीडिश-डॅनिशच्या कुळातली नव्हे. पण १९५४ ते १९५७ या काळात डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या चार देशांच्या वस्तूंचे एक फिरते प्रदर्शन अमेरिका-कॅनडात गावोगाव गेले, त्याचे नाव ‘डिझाइन इन स्कॅण्डिनेव्हिया’ होते, आणि तेव्हापासून हे लेबल फिनलंडलाही चिकटले. फिनिश लोकांना ते सोयीचेच होते. रशियाच्या शेजारी राहणाऱ्या, युद्धात हरलेल्या त्या देशाला आपण कोणत्या बाजूचे, हे जगाला न बोलता सांगायचे होते. काचेचे पेले आणि लाकडी खुर्च्या ते काम बिनबोभाट करत होत्या.

मारिमेक्कोची संस्थापक आर्मी रातिया. रोमन लिपीत तिच्या नावातली अक्षरे उलटसुलट मांडली की ‘मारी’ होते. तिचा जन्म १९१२ सालचा, कारेलिया प्रांतातल्या प्याल्क्यार्वी या गावचा. हेलसिंकीच्या कलाविद्यालयात वस्त्रकला शिकून ती १९३५ साली बाहेर पडली आणि विइपुरी शहरात तिने स्वतःची विणकामाची कार्यशाळा काढली. विइपुरी हे त्या काळी फिनलंडचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर. रशियन लोक त्याला विबोर्ग म्हणतात. बाजारात फिनिश, स्वीडिश, रशियन, जर्मन अशा चार भाषा चालायच्या. एकाच दुकानात मराठी, कन्नड, कोकणी आणि दखनी ऐकत वाढलेल्या माणसाला असा बाजार समजावून सांगावा लागत नाही.

त्याच १९३५ साली विइपुरीत आल्व्हार आल्टो या वास्तुशिल्पकाराने बांधलेले नगर ग्रंथालय उघडले. वाचनकक्षाच्या छतात गोल झरोके, त्यांतून येणारा उजेड असा की पुस्तकावर सावली पडत नाही; आणि व्याख्यानाच्या दालनाचे छत लाकडी, लाटांसारखे वळणदार, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जावा. बसायला आल्टोनेच १९३३ साली घडवलेली तीन पायांची तिवई, वाकवलेल्या बर्च लाकडाची, एकावर एक रचून ठेवता येणारी. आज या तिवईचे फोटो जगभरच्या गृहसजावटीच्या मासिकांत येतात. ती आधी सार्वजनिक वाचनालयातली बैठक होती, हे तिथे सहसा लिहिलेले नसते.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य फिनलंडमध्ये शिरले. साडेतीन महिन्यांनी, मार्च १९४०च्या तहात, कारेलियाचा मोठा भाग आणि त्यासोबत विइपुरी गेले. आर्मीची कार्यशाळा गेली, जन्मगावही सीमेपलीकडे गेले. १९४१ साली युद्ध पुन्हा पेटले तेव्हा फिनिश सैन्याने हा मुलूख परत घेतला, पुष्कळ लोक आपापल्या घरी परतले, पडक्या भिंती उभ्या केल्या, शेते नांगरली. आणि १९४४ साली त्यांना दुसऱ्यांदा तेच घर सोडावे लागले. फिनलंडची लोकसंख्या तेव्हा सदतीस लाखांच्या आसपास. म्हणजे देशातल्या दर नऊ माणसांमागे एक निर्वासित.

या लोकांना वसवण्यासाठी १९४५ साली जमीन संपादनाचा कायदा झाला. सरकारची, मोठ्या जमीनदारांची आणि इतरांचीही जमीन घेऊन ती विस्थापित शेतकऱ्यांना व युद्धातून परतलेल्या सैनिकांना देण्यात आली. त्या कायद्यात एक भाषेचे कलम होते. फिनिश बोलणारे हे निर्वासित स्वीडिशभाषक गावांत मोठ्या संख्येने वसवले तर त्या गावांची भाषा बदलेल. तसे होऊ नये अशी तजवीज त्यात होती. फिनलंडमध्ये या दोन्ही राष्ट्रीय भाषा आहेत, आणि एखाद्या गावात दुसरी भाषा बोलणारे आठ टक्के किंवा तीन हजार लोक असले की ते गाव कायद्याने द्विभाषिक ठरते. रस्त्याच्या पाट्या दोन्ही भाषांत लागतात. आठ टक्के हा आकडा वाचून या अंकाचे बरेच वाचक क्षणभर थांबतील. मीही थांबलो होतो. असो.

शिवाय सोव्हिएत युनियनला तीस कोटी डॉलर किमतीची युद्धखंडणी द्यायची होती, आणि तीही मालाच्या रूपाने : जहाजे, यंत्रे, लाकूड, कागद. ती १९५२ साली फिटली. त्याच वर्षी हेलसिंकीत ऑलिंपिक सामने झाले. कॉफीवरचे रेशनिंग मात्र १९५४पर्यंत होते, आणि फिनिश माणसाला कॉफी म्हणजे आपल्याला चहा.

अशा दिवसांत आर्मीचा नवरा विल्यो याने प्रिंटेक्स नावाचा मेणकापडाचा कारखाना घेतला. मेणकापड म्हणजे जेवणाच्या टेबलावर अंथरायचे ते. आर्मी युद्धकाळापासून एका जाहिरात संस्थेत काम करत होती. तिने कारखान्याला मेणकापड सोडून सुती कापडावर हाताने स्क्रीनची छपाई करायला लावले, आणि नक्षीसाठी ओळखीच्या तरुण चित्रकारांना बोलावले. फुलापानांची नाजूक वेलबुट्टी तिला नको होती. लोकांनी कापडे पाहिली, वाखाणली. पण एवढ्या मोठमोठ्या आकृत्यांचे करायचे काय, हे कुणाला कळेना. तेव्हा त्याचे झगे शिवून दाखवावेत असे ठरले. २० मे १९५१ रोजी हेलसिंकीतल्या कालास्तायातोर्प्पा या उपाहारगृहात रीत्ता इम्मोनेन हिने बेतलेल्या कपड्यांचा कार्यक्रम झाला, आणि पाच दिवसांनी कंपनीची नोंदणी. कपडे बनवण्याचा बेत आधी नव्हताच. कापड खपावे म्हणून झगा आला.

आमच्या शहापूर-वडगावात मागांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला या कापडाबद्दल आधी शंका वाटते. विणकराची कारागिरी सुतात असते; काठ, पदर, खणाची बारीक नक्षी हे सगळे मागावर घडते. छपाईला आमच्याकडे दुय्यमच मानत. पण आर्मीपाशी माग उरले नव्हते, रेशीम नव्हते, भरतकामाला सवड नव्हती. साधे सुती कापड आणि रंग एवढेच होते. मग नक्षी मोठी करायची, इतकी की झग्यावर ती पुरती मावूही नये. माइया इसोलाच्या १९५६च्या ‘किवेत’ नक्षीत, म्हणजे ‘दगड’ नावाच्या नक्षीत, नुसते मोठाले वाटोळे गोटे आहेत. आर्मीने स्वतः १९५२ साली काढलेली ‘तीलिस्किवी’ म्हणजे तर भिंतीतल्या विटा. १९५६ साली इसोलाच्या शाळकरी मुलीने वहीत पाने-फुले दाबून जमवायला सुरुवात केली होती. त्यावरून आईने तिसेक नक्ष्या केल्या. प्रेरणा शोधायला ही मंडळी लांब गेली नाहीत.

वुओक्को नुर्मेस्निएमी ही तरुणी १९५३ साली कंपनीत आली. शिक्षण मातीच्या भांड्यांचे. तिने ‘पिक्कोलो’ नावाचे पट्टे काढले. कुंचल्याने हाताने ओढल्यासारखे, जरा डुगडुगणारे. दोन रंग एकमेकांवर चढले की मध्ये तिसरा आपोआप उमटे, म्हणजे दोन छपायांच्या खर्चात तीन रंग. याच पट्ट्यांचा १९५६ साली तिने पुरुषांसाठी सदरा केला, नाव ‘योकापोइका’, म्हणजे ‘प्रत्येक मुलगा’. तो बायकांनीही घातला. तिने बेतलेले झगे खांद्यावरून सरळ खाली सुटत, कमरेला आवळत नसत. १९४७ साली पॅरिसमध्ये दिओरने बाईची कंबर पुन्हा करकचून बांधली होती. इकडे फिनलंडमध्ये बायका सायकलवर बसून कामाला जात होत्या. मला विचाराल तर या कंपनीचे खरे कर्तृत्व तिच्या फुलांपेक्षा या बेतण्यात आहे. ते मात्र पिशवीवर छापता येत नाही.

हा झगा जगाला ठाऊक झाला तो एका फोटोमुळे. अमेरिकेत केंब्रिज शहरी बेन थॉम्पसन या वास्तुशिल्पकाराचे ‘डिझाइन रिसर्च’ नावाचे दुकान होते. त्याने १९५८च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात हे कापड पाहिले आणि मागवले. १९६० साली निवडणुकीच्या धामधुमीत सेनेटर केनेडींच्या पत्नी जॅकलीन यांच्यावर पॅरिसच्या कपड्यांवर पैसा उधळतात अशी टीका चालली होती. त्या गरोदर होत्या. त्यांनी मारिमेक्कोचे सातेक झगे घेतले, आणि डिसेंबर १९६०च्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर त्या नवऱ्याबरोबर शिडाच्या होडीत बसलेल्या दिसल्या, अंगात मारीचा झगा. त्यात राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? पण घरगुती झगा घरगुती प्रसंगात दिसला, हे खरे.

पुढे १९६५ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने टोनी व्हॅकारो या छायाचित्रकाराला फिनलंडला धाडले. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पायदळात शिपाई होता. नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत बंदुकीबरोबर त्याने स्वतःचा साधा कॅमेरा बाळगला होता. पडक्या दुकानांतून रसायने मिळवून, सैनिकांच्या शिरस्त्राणांत ओतून, रात्रीच्या अंधारात फिल्म धुवायचा. मेलेली माणसे त्याने इतकी टिपली होती की युद्ध संपल्यावर त्याने ठरवून फॅशनचे आणि कलावंतांचे फोटो काढायला घेतले. त्याच्या फिनलंडच्या फोटोंत मॉडेल मुली स्टुडिओच्या पडद्यापुढे उभ्या नाहीत, उघड्यावर, मोकळ्या उजेडात आहेत. झगे फुगलेले, केस विस्कटलेले. एकाही चेहऱ्यावर ‘मला पाहा’ हा भाव नाही. त्या मॉडेलांपैकी आन्या लेहतो हिच्याशी व्हॅकारोने लग्न केले. तो शंभर वर्षे पुरी करून डिसेंबर २०२२मध्ये वारला. हे फोटो पाहताना मला वारंवार वाटते की युद्ध पाहिलेल्या माणसाने युद्ध सोसलेल्या देशात जाऊन काढलेले म्हणूनच त्यांत एवढा वारा आहे.

भाचीच्या पिशवीवरचे फूल हे ‘उनिक्को’, म्हणजे खसखशीचे फूल, १९६४ सालचे. आर्मीने जाहीर केले होते की फुले रानात असतात तशीच सुंदर, आपल्या कापडावर ती येणार नाहीत. इसोलाने हे ऐकून फुलांची अख्खी मालिकाच रंगवली. मालकिणीने ती छापली. मोडलेल्या हुकमाचे ते फूल आज कंपनीची ओळख आहे. चारच वर्षांनी, १९६८ साली, आन्निका रिमाला हिने ‘तासाराइता’, म्हणजे सारखे पट्टे, हा सुती बनियनचा प्रकार काढला. जीन्सवर कुणीही घालावा, बाप्याने, बाईने, पोराने. पट्टे सारख्या रुंदीचे, कारण माणसे सारखी.

‘प्रेरणा’ या शब्दाची एक बाजूही सांगायला हवी. २०१३ साली उघडकीला आले की कंपनीची एक नक्षी, जी फिनएअरच्या विमानावरही रंगवली होती, ती मारिया प्रिमाचेन्को या युक्रेनी लोकचित्रकर्तीच्या १९६३च्या चित्रावरून उचललेली होती. नक्षी करणारी इसोलाची मुलगी क्रिस्तीना, वहीत पाने दाबणारी तीच. तिने ते कबूल केले. विमान पुन्हा रंगवावे लागले.

आर्मी रातिया १९७९ साली गेली. कंपनी १९८५ साली विकली गेली, बुडायच्या बेतात आली, आणि १९९१ साली किर्स्ती पाक्कानेन या बाईने ती घेऊन पुन्हा उभी केली. विइपुरीचे ग्रंथालय युद्धानंतर काही वर्षे उजाड पडून होते. पुढे फिनिश आणि रशियन माणसांनी मिळून दोन दशके खपून ते दुरुस्त केले, २०१३ साली काम पुरे झाले. लाटांचे छत पुन्हा बसवले. हेलसिंकीहून ते अडीचशे किलोमीटरवर आहे. विबोर्गवरून जाणारी आगगाडी मार्च २०२२मध्ये बंद झाली आणि २०२३च्या अखेरीस फिनलंडने त्या सीमेवरची रस्त्याची नाकीही बंद केली.