साकी-दिंडीतला अब्राहाम

अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ बोलत मराठी. प्रार्थना मात्र हिब्रूतली, बहुतेकांना न उमगणारी. १८८०च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्रायलींनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीच्या चालींवर रंगू लागली. देव आपला, चाल शेजाऱ्यांची. धर्मकथा प्रथमच घरच्या भाषेत अशी रंगली.

१९४८नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे हिब्रू रोजचीच झाली. अर्थासाठी कीर्तनाची गरज उरली नाही. तरीही बायकांनी ती गाती ठेवली. कोकणात जी कीर्तने इस्रायलची ओळख देत, ती इस्रायलमध्ये कोकणची आठवण झाली.