लिनक्सवर प्रिंट अडली तर



पासपोर्ट नूतनीकरणाचा फॉर्म ऑनलाइन भरलेला, उद्या सकाळची अपॉइंटमेंट, आणि प्रिंटर ढिम्म! असे फोन आम्हाला अधूनमधून येतात. अशा वेळी प्रिंटर बरेचदा ठणठणीत असतो, घोळ कागदाच्या मापाचा असतो.

लिनक्स बसवताना 'इंग्लिश (यूएस)' निवडले की कागद 'लेटर' धरला जाऊ शकतो, म्हणजे 216 × 279 मिमी. भारतात काय किंवा इथे सौदीत काय, ट्रेमध्ये असतो ए-फोर, 210 × 297 मिमी. प्रिंटर लेटरची वाट पाहत दिवा लुकलुकवतो आणि आपण ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:631 हा पत्ता उघडा (टाइप अर्थातच इंग्रजीत). लिनक्सवरची छपाई सांभाळणाऱ्या, 1999 साली आलेल्या 'कप्स' प्रणालीचे हे पान. आधी अडकलेली जुनी कामे रद्द करा. मग आपला प्रिंटर निवडून 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मध्ये मीडिया साइझ ए-फोर करा. पासवर्ड विचारला तर आपल्या लिनक्सचाच द्या. प्रिंटरपुढे 'पॉज्ड' दिसले तर 'रिझ्यूम प्रिंटर' दाबा. हे बरेच जण विसरतात. थांबलेली रांग आपोआप सुरू होईलच असे नाही. छापताना पीडीएफच्या प्रिंट खिडकीतही ए-फोरच आहे ना, ते बघा, नाहीतर फॉर्मच्या तळाच्या ओळी कापल्या जातात.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन उमटले तर तो दोष फॉन्टचा. मूळ फाइल ज्या कॉम्प्युटरवर नीट दिसते, तिथूनच पीडीएफ करून आणा.

रात्र फारच झाली असेल, तर पेनड्राइव्ह घेऊन सरळ जवळचा मक्तबा गाठा.