एका चालीचे दोन निवाडे

इटलीचा संगीतकार नीनो रोता याचा जन्म १९११ सालीं मिलान शहरीं झाला. पुढें बारी येथील संगीत विद्यालयांत तो अध्यापक झाला आणि १९५० पासून अनेक वर्षें तेथील प्राचार्यपद त्यानें सांभाळलें. परंतु जगानें त्याला ओळखलें तें चित्रपटांमुळें. फेलिनी या दिग्दर्शकाला तर त्यानें जन्मभर साथ दिली.

१९७२ च्या 'गॉडफादर' चित्रपटाचें त्याचें संगीत ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेंत निवडलें गेलें. पण त्यांतील प्रेमाची चाल त्यानें १९५८ च्या 'फोर्तुनेल्ला' या चित्रपटांत पूर्वींच योजली होती, हें उघड होतांच ती निवड रद्द झाली. पुढें त्याच कथेच्या दुसऱ्या भागांत तीच चाल पुन्हां आली आणि १९७५ सालीं त्या संगीताला कार्माइन कोपोला याच्यासह पारितोषिक मिळालें!

मग पहिला निवाडा खरा कीं दुसरा? 'फोर्तुनेल्ला'मध्यें ती चाल द्रुत व खेळकर होती. 'गॉडफादर'मध्यें ती विलंबित होऊन शोकाकुल झाली. स्वर तेच, रस मात्र निराळा. नियमाला स्वर मोजतां येतात. रस मोजतां येत नाहीं. १९७९ सालीं रोता निवर्तला. चाल मात्र अजून ऐकूं येते.