चाळिशी : उतारवयासाठी घडलेल्या एका साधनाचा इतिहास

१/ मराठीत ‘चाळिशी’ या एका शब्दाचे तीन अर्थ होतात : वयाचा एक टप्पा, त्या टप्प्यावर जवळचे अंधूक दिसू लागणे, आणि त्यासाठी नाकावर चढणारा चष्मा. आज चष्मा शाळकरी मुलांच्याही डोळ्यांवर दिसतो. परंतु जन्मानंतरची सुमारे दीडशे वर्षे ही वस्तू जवळजवळ केवळ उतारवयातील माणसांचीच होती. हा धागा प्रामुख्याने त्या काळाविषयी. #इतिहास #थ्रेड

२/ वयाबरोबर डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होत जाते. दूरचा डोंगर स्वच्छ दिसतो, हातातले अक्षर मात्र विरघळते. नांगर धरणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नसे. लेखनिक, सोनार, विणकर, शिंपी यांचे पोट मात्र त्या हातभर अंतरावरच अवलंबून. कसब पिकावे त्याच वयात काम हातून सुटायचे. पत्र वाचायला मुलगा किंवा शिष्य हवा, हिशेब तपासायला दुसऱ्याचे डोळे हवेत. ज्याला स्वतःचे पत्र स्वतः वाचता येत नाही, त्याच्यापाशी खाजगी असे काही उरत नाही.

३/ २३ फेब्रुवारी १३०६ रोजी फ्लॉरेन्समधील एका प्रवचनात जोर्दानो दा पिसा या डॉमिनिकन साधूने सांगितले की, चष्मे घडवण्याची कला सापडून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत. पहिला चष्मा घडवणाऱ्याला आपण पाहिले आहे, त्याच्याशी बोललो आहोत. त्यावरून हा शोध १२८६च्या आसपासचा मानतात. त्या माणसाचे नाव मात्र जोर्दानोने घेतले नाही. इतिहासकार गेली कित्येक शतके त्याबद्दल हळहळत आहेत.

४/ पिसा येथील सेंट कॅथरीन मठाच्या बखरीत या कथेचा दुसरा धागा सापडतो. चष्मा प्रथम करणाऱ्याला आपली युक्ती कोणाला सांगायची नव्हती. त्याच मठातील अलेस्सांद्रो देल्ला स्पिना (मृत्यू १३१३) या साधूने ती वस्तू पाहिली, स्वतः घडवली आणि प्रसन्न मनाने सर्वांना देऊन टाकली. लपवणाऱ्याचे नाव बुडाले, वाटणाऱ्याचे राहिले. इतिहासाने इतका नेमका न्याय क्वचितच केला असेल.

५/ येथे एक सावधगिरी. चष्म्याचा जनक म्हणून ‘साल्व्हिनो देल्यी आर्माती’ हे नाव अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ती थाप आहे. १६८४ मध्ये फ्लॉरेन्सच्या देल मिल्योरे या लेखकाने आपल्या नगराला मान मिळावा म्हणून एका थडग्यावरील लेखाचा हवाला दिला. विसाव्या शतकातील संशोधकांनी तो हवाला बनावट ठरवला.

६/ काचेची मक्तेदारी व्हेनिसकडे होती. तेथील स्फटिक-कारागिरांच्या संघाने १३०० मध्ये साधी काच स्फटिक म्हणून खपवण्यास बंदी केली. त्या यादीत डोळ्यांसाठीच्या चकत्याही आहेत. म्हणजे अवघ्या दीड दशकात बनावट मालाची तक्रार होण्याइतका बाजार उभा राहिला होता. १३०१ च्या नियमात तर ‘वाचण्यासाठी’ असलेल्या काचांचा स्पष्ट निर्देश येतो.

७/ हा चष्मा दिसे कसा? दोन बहिर्गोल भिंगे, प्रत्येकीला कडे आणि दांडी, दोन्ही दांड्या एका खिळ्याने जोडलेल्या. कानांवर टेकणाऱ्या काड्या अठराव्या शतकातल्या. तोवर चष्मा नाकावर चिमटवावा लागे, नाहीतर हाताने धरावा लागे. चष्म्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्र त्रेव्हिझो येथे आहे. १३५२ मध्ये तोम्मासो दा मोदेना याने कार्डिनल ह्यूग यांना चष्मा लावून लिहिताना रंगवले. गंमत अशी की ह्यूग १२६३ मध्येच वारले होते! चष्मा त्यांनी पाहिलाही नसणार. पण चित्रकाराच्या काळापर्यंत वृद्ध विद्वान म्हटले की चष्मा, हे समीकरण जुळले होते.

८/ सर्वांनाच तो आनंदाने स्वीकारता आला असे नाही. कवी पेत्रार्क (जन्म १३०४) भावी पिढ्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात साठीपर्यंत टिकलेल्या आपल्या तीक्ष्ण नजरेचा अभिमान सांगतो, आणि पुढे चष्म्याचा आश्रय घ्यावा लागल्याचे चिडूनच नमूद करतो. साधनाने स्वावलंबन परत दिले, पण म्हातारपण चारचौघांत उघडही केले.

९/ पंधराव्या शतकात मामला पालटला. २४ ऑक्टोबर १४६२ रोजी मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने फ्लॉरेन्समधील आपल्या वकिलाला तीन डझन चष्मे धाडण्यास लिहिले : एक डझन दूरदृष्टीसाठी, म्हणजे तरुणांना, एक डझन जवळच्या दृष्टीसाठी, म्हणजे वृद्धांना, उरलेले सर्वसाधारण. आपल्याला स्वतःला त्यांची गरज नाही, लोक मागतात म्हणून हवेत, हे सांगायला ड्यूक विसरला नाही. चार वर्षांनी त्याच्या मुलाने दोनशे चष्मे मागवले, तेही पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी वयवार लावलेले. जणू वयच चष्म्याचा नंबर!

१०/ भारतात चष्मा कधी आला, या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी केला. विजयनगरचे राजगुरू व्यासतीर्थ (मृत्यू १५३९) यांच्या सोमनाथ कवीने रचलेल्या संस्कृत चरित्रात, ग्रंथ वाचताना त्यांनी डोळ्यांपुढे धरलेल्या उपलोचनाचा उल्लेख आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला होता, आणि विजयनगरशी त्यांचे येणेजाणे होते. ही वस्तू त्याच वाटेने आली असावी, हा तर्क सयुक्तिक वाटतो.

११/ बहिर्गोल भिंगाने वृद्धांना का दिसते, याची योग्य उपपत्ती केप्लरने १६०४ मध्ये मांडली. तीन शतके लोक कारण न कळता वाचत होते.

१२/ २३ मे १७८५ रोजी पॅरिसहून ७९ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने एका मित्राला लिहिले की, दोन चष्मे सतत बदलण्याचा त्याला कंटाळा आला होता. म्हणून त्याने दोन्हींची भिंगे अर्धी कापून एकाच चौकटीत बसवून घेतली. आता जेवताना ताटही दिसते आणि समोरच्या बोलणाऱ्याचा चेहराही. फ्रेंच ऐकताना ओठांच्या हालचाली पाहून त्याला अधिक कळे. पंगतीत गप्प बसून राहणे टळले.

१३/ अर्थेतिहासकार डेव्हिड लँडिस यांच्या मते चष्म्याने कुशल कारागिराचे कामाचे आयुष्य दुपटीहून वाढवले. हे विधान तपासायला मध्ययुगीन आकडे नाहीत, आसामचे आहेत. तेथे चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहा-तोडणी कामगारांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जवळचा साधा चष्मा मिळालेल्यांच्या तोडणीत इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्के अधिक वाढ झाली. पन्नाशी उलटलेल्यांत हा फरक आणखी मोठा होता.