टाकीखालचा हौद

परवा टाकीखालचं कपाट उघडून पाइप पुसत बसलो होतो. पाहुणे वरचे मासे बघतात, खालच्या टाकीकडे कोणी ढुंकून बघत नाही. हौशी लोक तिला 'संप' म्हणतात. पण हा संप संपावर गेला, तर मासे गेलेच म्हणून समजा!

ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. पण साठलेलं खारं पाणी हिरवं होई, नासे. १८७१ साली क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइडने टाक्यांहून कितीतरी मोठा हौद खाली अंधारात ठेवला आणि पंपाने पाणी अखंड फिरवलं. अंधारात शेवाळ वाढेना, पडत्या पाण्यात हवा मिसळे, घाण विरळ होई. अमोनिया पचवणारे जिवाणू विनोग्राड्स्कीने वेगळे काढले ते १८९० च्या सुमारास, म्हणजे बऱ्याच नंतर.

आणि मी? एवढं सगळं आयतं मिळूनही, टिकाऊ म्हणून पितळी व्हॉल्व्ह बसवला. तांबं पाण्यात उतरलं, सगळी कोळंबी मेली. लेकीने आठवडाभर अबोला धरला.

आता सगळं पीव्हीसी आहे. परवा टॉर्च तिनेच धरला होता. असो.