न्हाव्यासाठी लिहिलेली प्रार्थनारीत

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमावलीत अंगमेहनतीच्या कामाबरोबरच पवित्र शास्त्राच्या वाचनासाठीही दिवसातले ठरावीक तास राखून ठेवलेले होते. हे वाचन माहितीसाठी नव्हते. एकेक वचन ओठांवर घोळवत सावकाश वाचले जाई, आणि या क्रियेला लॅटिनमध्ये जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ थेट ‘रवंथ’ असा आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधील ग्रांद शार्त्रूझ या मठाचा प्रमुख दुसरा ग्विगो याने या रीतीला शिडीचे रूप दिले. वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन, म्हणजे ईश्वराच्या सान्निध्यात निःशब्द स्थिरावणे, अशा तिच्या चार पायऱ्या होत. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव लागते, आणि चिंतन म्हणजे ती गोडीच, असे त्याचे विवेचन आहे. प्रार्थना येथे वाचनाला जोडलेला उपचार नसून वाचनातूनच उगवते, हा या मांडणीचा खरा गाभा होय.

मात्र शिडी मठाच्या भिंतींआड होती. ती प्रपंचात वावरणाऱ्या माणसाच्या हाती देण्याचे मोठे काम, स्वतः पूर्वी ऑगस्टिनियन संन्यासी असलेल्या मार्टिन ल्यूथरने केले. विटेनबर्गमधील पीटर बेस्केनडॉर्फ हा न्हावी त्याचा जुना मित्र. प्रार्थना कशी करावी, या त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ल्यूथरने 1535 मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात बायबलमधील दहा आज्ञांपैकी प्रत्येक आज्ञा चार पदरांनी गुंफलेल्या हारासारखी हाताळली आहे: आधी ती काय शिकवते ते पाहावे, मग तिच्याबद्दल उपकारस्तुती करावी, मग तिच्या उजेडात पापांगीकार करावा, आणि शेवटी मागणे मागावे. लक्ष कसे असावे हे सांगताना ल्यूथर पीटरच्याच धंद्याचा दाखला देतो: वस्तरा चालवणाऱ्याचे मन भलतीकडे गेले, तर गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळाही कापला जाईल. आपण दिलेले नमुने शब्दशः घोकले जाऊ नयेत, असेही तो बजावतो. एखाद्या वचनाने मन पेटले, तर ठरवलेली बाकीची प्रार्थना सोडून त्या विचाराला वाट द्यावी, आणि एका बैठकीत सगळ्या आज्ञा उरकण्याचा हट्ट धरू नये. रीत इतकी काटेकोर आणि तरी इतकी मोकळी असणे, हे या पुस्तकाचे सर्वांत मोठे यश आहे. येथे शास्त्रपाठ प्रार्थनेला दिशा देतो, पण शब्द मात्र प्रार्थना करणाऱ्याचेच राहतात.

पुढे सॅक्सनीतील हेर्नहूट या मोरेव्हियन ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीत, काउंट त्सिन्झेनडॉर्फच्या पुढाकाराने, 1728 पासून दर दिवसासाठी एक वचन दिले जाऊ लागले. त्याला नाव पडले ते सैनिकी पहाऱ्यातील परवलीच्या शब्दाचे, कारण ते वचन दिवसभर जवळ बाळगायचे होते. 1731 साठी अशा वचनांचा वार्षिक संग्रह छापला गेला आणि ही परंपरा आजही चालू आहे. वाचन, मनन आणि प्रार्थना यांचा मठातला क्रम अशा रीतीने घराघरांतल्या सकाळपर्यंत पोहोचला.

पीटर बेस्केनडॉर्फच्या आयुष्याला मात्र त्याच 1535 मध्ये, ईस्टरच्या सुमारास, भयंकर वळण लागले. जेवणाच्या पंक्तीत त्याने आपल्या जावयाला भोसकले आणि जावई मेला. देहान्ताच्या शिक्षेतून पीटर मित्रांच्या रदबदलीमुळे वाचला, तरी त्याला विटेनबर्ग सोडून डेसाऊ येथे हद्दपारीत राहावे लागले. त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘खून करू नको’ ही आज्ञाही इतर आज्ञांप्रमाणेच त्या चारही पदरांतून गुंफलेली आहे, आणि तिच्यात पापांगीकाराचा पदरही आहे.