दख्खनमधील गहाण, लिलाव आणि हक्कांचा क्रम : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
एकोणिसाव्या शतकात दख्खनमधील शेतकऱ्याच्या जमिनीवर अनेकदा एकाच वेळी अनेकांचे हक्क असत : सरकारचा सारा, एका सावकाराचे गहाण, दुसऱ्याचे साधे खत. कर्ज थकून जमीन गेली की यांपैकी कोणता हक्क टिकणार, हे रकमेपेक्षा हक्कांच्या क्रमावर ठरे. १८७५ च्या दंगलीकडे सावकार-शेतकरी संघर्ष म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या क्रमाच्या अंगाने मुंबई इलाख्यातील कायद्यांचा विचार केला आहे.

गहाणलहाण
जुन्या व्यवहारात 'गहाणलहाण' अटीचे खत रूढ होते. मुदतीत रक्कम न फेडल्यास गहाण हीच खरेदी समजली जाई. मुदत टळताच ऋणकोचा हक्क संपे आणि नंतरच्या धनकोलाही त्या जमिनीचा आधार उरत नसे. १८६४ मध्ये 'रामजी विरुद्ध चिंतो' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असे गहाण शेवटपर्यंत गहाणच राहते, हे तत्त्व स्वीकारले. १८७० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मद्रास इलाख्यातील एका अपिलात याच्या उलट, अट करारानुसार अमलात यावी असा निर्णय दिला. तरीही मुंबईतील न्यायालयांनी आपली भूमिका सोडली नाही.

१८७९ चे दोन कायदे
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगल उसळली. दंगलखोरांचा रोख मुख्यतः खते आणि हुकूमनाम्यांवर होता. चौकशी आयोगानंतर दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. कलम २२ नुसार, त्या कर्जासाठी स्पष्टपणे गहाण दिलेली नसल्यास शेतकऱ्याची जमीन हुकूमनाम्याच्या बजावणीत जप्त करता येईना वा विकता येईना. साधे खत जमिनीपासून तुटले. गहाणखताचे स्थान मात्र अबाधित राहिले. साहजिकच सावकार गहाणाकडे आणि पुढे खरेदीखताच्या रूपातील कर्जाकडे वळला. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्यासाठी कलम १०-अ घालावे लागले.

त्याच वर्षीच्या मुंबई जमीन महसूल संहितेने सरकारचे स्थान सर्वांच्या वर ठेवले. कलम ५६ नुसार साऱ्याच्या थकबाकीसाठी जमीन विकली गेल्यास खातेदाराने निर्माण केलेले सर्व बोजे नष्ट होत. त्यामुळे आपले गहाण वाचवायचे तर थकलेला सारा स्वतः भरणे हाच सावकारापुढील मार्ग असे.

संपत्ती हस्तांतरण कायदा
१८८२ चा हा कायदा मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. पहिल्या गहाणदाराचा लिलाव आणि नंतरच्याचा लिलाव यांतील भेद त्यात निश्चित झाला. दुसऱ्या गहाणदाराने लिलाव केला तर खरेदीदाराला जमीन पहिल्या गहाणाच्या बोज्यासहच मिळे; पहिल्याची संमती असल्यास न्यायालय ती बोजामुक्त विकून त्याचा हक्क विक्रीच्या रकमेवर नेत असे. पहिल्याने दावा लावला, तर नंतरच्या सर्व हक्कदारांना पक्षकार करणे आवश्यक होते. पक्षकार झालेल्याचा हक्क जमिनीवरून उठून शिलकीवर जाई; वगळलेल्याचा गहाण सोडविण्याचा हक्क कायम राही. समजा, पहिले गहाण ५०० रुपयांचे, दुसरे ३०० रुपयांचे आणि लिलाव ६०० रुपयांना झाला, तर खर्च व व्याज सोडून दुसऱ्याच्या हाती १०० रुपयेच येत. ऋणकोचा क्रमांक सर्वांत शेवटी लागे.

समारोप
यावरून असे दिसते की कायद्याने एका प्रकारचा हक्क जमिनीवरून उठविला, तरी कर्जाची गरज कायम राहिल्याने तो दुसऱ्या खताच्या रूपाने परत आला. क्रमाचा हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली; पण इतर मालमत्तेबाबत २४ जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या कलम २६-ई ने, नोंदणी केलेल्या तारणधारकाला सरकारी करांच्याही आधी स्थान दिले. १८७९ मध्ये सरकारने स्वतःसाठी राखलेले अग्रस्थान येथे बँकेकडे गेले. ऋणको मात्र दोन्ही व्यवस्थांत शेवटच्याच क्रमांकावर राहिला. शेतकऱ्याला संरक्षण देणाऱ्या कोणत्याही कायद्याचे मूल्यमापन म्हणूनच या शेवटच्या क्रमांकापासून सुरू व्हावयास हवे.